उष्टा सूर

अहल्येला कुठलीही ओळ दोनदा सारखी गाता येत नसे. दोष गळ्याचा नव्हता, वळणाचा होता, आणि ते वळण लावलं होतं अक्कानं.

अक्का म्हणजे तिच्या वडिलांची थोरली बहीण, कृष्णाबाई. तेराव्या वर्षी विधवा होऊन ती भावाच्या घरी परतली, ती कायमचीच. लाल आलवण, डोईवरून पदर आणि ओठांवर अष्टौप्रहर कानडी हरिदासांची पदं. यांच्यासारखी मराठी घरं शहाजीराजांच्या मागोमाग बंगळुरात उतरलेली. तीनशे वर्षांत मराठी बोलता बोलता त्यांनी ‘थोडं’साठी ‘स्वल्प’ आणि ‘बरं’साठी ‘सरी’ हे कानडी शब्द कधी उचलले ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. अक्का पदं कानडीत म्हणे, रागावे मात्र मराठीत.

आणि तिचा सगळ्यात मोठा राग ओळीवरचा. पदाची ओळ दुसऱ्यांदा घेताना पहिल्यासारखीच घेतली की झालं.

“एकदा तोंडातून गेलं ना ते? मग तसंच परत देवापुढं कसं ठेवतेस? उष्टं ते!”

सहा वर्षांची अहल्या घाबरून ओळीचं शेपूट जरा वळवी, एखादी गिरकी घेई. अक्काचा चेहरा निवळे. “हां. हे ताजं.”

अशी दहा वर्षं गेली. आई लहानपणीच गेलेली, त्यामुळे अहल्येचं जग अक्काच्या मांडीपासून सुरू होई आणि देवघराच्या उंबऱ्याशी संपे. १९५० साली अण्णांची, म्हणजे सुधींद्ररावांची, कचेरी हलली आणि ते हेडक्लार्कच्या पगाराला परवडेल असं घर शोधत चामराजपेठेतून थेट कँटोन्मेंटच्या बाजूला कुक टाउनात आले. अक्कानं नव्या घराची झडती घेतली. विहीर चांगली, तुळशीला ऊन भरपूर, शेजार मात्र ख्रिस्ती. “असू दे,” ती म्हणाली, “भिंत उंच आहे.”

भिंत उंच होती, पण गच्ची भिंतीहून उंच होती. मार्चमध्ये अक्कानं गच्चीवर संडिगे, म्हणजे सांडगे, वाळत घातले आणि कावळे राखायला अहल्येला बसवलं. शेजारच्या बंगलीत मिस फिलोमिना लोबो गाणं आणि पियानो शिकवत. सकाळभर तिथून मुलींचे आवाज येत, एकच ओळ, पाच सूर वर, पाच सूर खाली. मग अर्धा सूर चढवून तीच ओळ. मग पुन्हा तीच. अहल्येच्या अंगावर काटा यायला लागला. इतकं उष्टं तिनं आयुष्यात ऐकलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी तिला राहवलं नाही. हातात कावळे हाकायची काठी घेऊन ती उभी राहिली आणि भिंतीपलीकडून ओळ आली की तिला जराशी सजवून परत पाठवू लागली. त्यांनी पाच सूर धाडले की हिनं त्यात दोन मिळवावे. ते वर चढले की हिनं त्यांच्या डोक्यावरून उडी मारावी. चढत चढत ती अशा ठिकाणी पोचली जिथं ती आजवर कधी गेलीच नव्हती. गच्चीवर आणखी एक गच्ची असावी आणि तिच्यावर वारा सुटलेला असावा, तसं. तिला गरगरल्यासारखं झालं आणि हसूच फुटलं.

खाली पियानो थांबला. भिंतीपलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला आणि भिंतीवर चष्मा लावलेलं, केस करडे झालेलं एक डोकं उगवलं.

“कोण गो तें? माझ्या सगळ्या मुली बिघडवल्यास!”

मिस लोबो मंगळूरकडच्या. त्यांची कोंकणी कानावर पडताच अक्का स्वयंपाकघरातून बाहेर आली. समोरची बाई गोऱ्यांची वाद्यं वाजवते आणि जवळजवळ आपल्याच भाषेत भांडते, याचं तिला इतकं आश्चर्य वाटलं की शेजार ख्रिस्ती म्हणून मागे सरायचंही ती विसरली.

“आमच्या पोरीचं काय चुकलं?”

“काही चुकलं नाही, हेच चुकलं. असा आवाज घेऊन ती कावळे हाकते?”

तेवढ्यात कावळ्यांनी अर्धे संडिगे नेले. पुढं कित्येक वर्षं, अहल्येचं गाणं कसं सुरू झालं असं कोणी विचारलं, की अक्का सांगे, “दीड शेर संडिगे गेले त्यात.”

अण्णांना पटवणं सोपं नव्हतं. ख्रिस्त्यांचं गाणं, परकी भाषा, सोळा वर्षांची मुलगी. शेवटी असं ठरलं की अक्का बरोबर जाईल आणि शब्दांचा अर्थ तपासून मगच होकार देईल. मिस लोबोंच्या दिवाणखान्यात अक्का लोकरीची धाबळी अंथरून बसली, कारण लोकरीला विटाळ नसतो, आणि तिनं चौकशी सुरू केली.

“हे इटालियन. यात एक राणी आहे,” मिस लोबो सांगू लागल्या. “तिचा सखा तिला सोडून गेला, म्हणून ती रडते.”

“विरहिणी. सरी. आणि हे?”

“ही गवळण. पहाटे रानात सख्याला हाका मारते.”

अक्कानं चष्म्यावरून पाहिलं. “आमच्याकडेही हेच चाललेलं असतं. शिकवा तुम्ही.”

वहीच्या पहिल्या पानावर एका माणसाचं चित्र होतं. गुबगुबीत गाल आणि खांद्यावर रुळणारे कुरळे केस.

“ही बाई कोण?”

“बाई नव्हे, बाप्या. त्यानं हे रचलं, अडीचशे वर्षांपूर्वी. तो टोप आहे केसांचा.”

त्या काळच्या संगीताला बरोक म्हणतात, असं मिस लोबोंनी समजावलं. ते त्यांचं फार आवडतं. तेच नाजूक, तेच अवघड, आणि अहल्येचा उंच, बारीक, चपळ आवाज त्यासाठीच घडवलेला. अक्काच्या लेखी मात्र ते कायमचं ‘टोपवाल्यांचं गाणं’ झालं. नातेवाइकांनी विचारलं की ती सांगे, “आमची अहल्या टोपवाल्यांचं गाते. वाईट नसतं ते. एका शब्दाला पाच पाच मिनिटं लावतात, सावकाश जेवणारी माणसं असावीत.”

अहल्येला ते गाणं जिवापाड आवडलं, आणि त्यातही एक गोष्ट सगळ्यात जास्त. टोपवाल्यांच्या बहुतेक गाण्यांचे तीन भाग असत. पहिला भाग, मग निराळ्या रंगाचा दुसरा, मग पुन्हा पहिला. आणि तिसरा भाग वहीत लिहिलेलाच नसे. दुसरा संपला की तिथं दोनच इटालियन शब्द छापलेले. त्यांचा अर्थ, पुन्हा डोक्यापासून.

“म्हणजे पल्लवीला, ध्रुवपदाला परत यायचं,” अक्का लगेच म्हणाली. “कळलं.”

अहल्येलाही कळलं, आणि तिथंच घोळ झाला. मिस लोबोंना शिकवलेलं असं, की डोक्यापासून म्हणजे होतं तसंच्या तसं. अहल्येच्या रक्तात असं, की परत यायचं ते रिकाम्या हातानं नाही. पहिला भाग ती छापल्याबरहुकूम, सुताइतका सरळ गाई. तिसऱ्यात मात्र तिचा गळा मोकाट सुटे. गिरक्या, झोके, मधेच एक लांब उतार आणि शेवटी मांजर उंचावरून पडून चारी पायांवर उभं राहावं तशी समेवर उडी. त्या तिसऱ्या भागासाठीच ती गात होती. पहिले दोन म्हणजे तिच्या लेखी जिना चढणं.

मिस लोबो वर्गात हसून सोडून देत. पण लंडनच्या परीक्षेला आलेल्या साहेबांनी तिला काठावर पास केलं आणि खाली शेरा लिहिला: ‘आवाज असाधारण. उमेदवाराने छापील स्वरांचा आदर करावा.’ अण्णांनी तो शेरा वाचून दाखवला तेव्हा अक्का म्हणाली, “आदर केला की! एकदा पूर्ण म्हटलं ना तसं? आणखी किती आदर?”

अशी आठ वर्षं गेली. अहल्या चोवीस वर्षांची झाली. लग्नाचं बघायला हवं असं अण्णा दर महिन्याला म्हणत आणि पत्रिका पुन्हा कपाटात ठेवत. अहल्या एका शाळेत शिकवू लागली, आणि संध्याकाळी मिस लोबोंकडं. कुठं कुठं दोन-चार गाणी झाली. पण तिला हवं होतं ते एकच: नाताळाआधीच्या मोठ्या कार्यक्रमात एकटीचं गाणं, वाद्यवृंदासकट.

तो कार्यक्रम कँटोन्मेंटातली एक गायनमंडळी दरवर्षी करी, आणि तिचे सूत्रधार होते बसवंत मेष्ट्रू, म्हणजे मास्तर. मेष्ट्रू म्हैसूरला दरबारच्या इंग्रजी बँडमध्ये पस्तीस वर्षं व्हायोलिन वाजवून निवृत्त झालेले. लांब कोट, जरीचा रुमाल डोक्याला बांधलेला, आणि हातात वाद्यवृंद चालवायची पांढरी छडी. छापील कागदावर त्यांची अशी श्रद्धा, की पानावर डास चिरडला गेला तर तोही वाजवतील, असं व्हायोलिनवाले त्यांच्या पाठीमागं म्हणत.

१९५८च्या ऑक्टोबरात त्यांनी अहल्येला ऐकलं आणि गाणं दिलं. वादळात सापडलेली राणी, तिचं गलबत किनाऱ्याला लागतं, आणि ती आनंदानं वेडी होते. पहिला भाग आनंद, दुसरा वादळाची आठवण, तिसरा पुन्हा आनंद. पहिल्या तालमीत पहिला भाग उत्तम झाला. दुसऱ्यात व्हायोलिनवाल्या मुलांनी वादळ छान उठवलं. तिसऱ्याच्या चौथ्या ओळीवर मेष्ट्रूंची छडी स्टँडवर कडकडली.

“निल्लिसी! थांबवा! कन्ये, हे कुठं लिहिलंय?”

“कुठंच नाही, मेष्ट्रे.”

“मग कुठून आलं?”

“परत आलं, म्हणून आलं,” अहल्या म्हणाली.

“माझी चार पोरं व्हायोलिन धरून बसली आहेत. तू आभाळात कुठं गेलीस हे त्यांना कसं कळणार? आणि परत कधी उतरणार?” मेष्ट्रू ओरडत नसत, हळू बोलत, तेच भयंकर वाटे. “नीट ऐक. तिसरा भाग लिहिल्याप्रमाणं. एक स्वर कमी नाही, एक जास्त नाही. जमत नसेल तर तिसरा भागच नाही. पहिला, दुसरा, नमस्कार, घरी.”

तिसरा भागच नाही! म्हणजे गलबत वादळातच सोडून द्यायचं. अहल्येनं वहीवर हात ठेवून कबूल केलं: लिहिल्याप्रमाणं.

पुढचे दोन महिने ती घरी एकच गोष्ट दोनदा सारखी म्हणायला शिकत होती. हे काय शिकायचं, असं कोणालाही वाटेल, तिला विचारा. ती न्हाणीघरात म्हणे, तुळशीला पाणी घालताना म्हणे, वह्या तपासताना म्हणे. एकदा पूर्ण सारखं जमलं, तेव्हा स्वयंपाकघरात पळी आपटली.

“तेच म्हणालीस?”

“तेच म्हणायचंय, अक्का. वचन दिलंय.”

अक्कानं पळी उचलून जागेवर ठेवली. मग म्हणाली, “वचन दिलंय तर पाळ. मी कानात कापूस घालून बसेन.”

कार्यक्रमाची तारीख लागली, नाताळाआधीचा रविवार. अक्कानं पंचांग उघडलं आणि मिटलं. त्याच दिवशी वैकुंठ एकादशी होती. या घरात एकादशी म्हणजे साबुदाणा-शेंगदाणे नव्हेत. पाण्याचा थेंबसुद्धा नाही, सूर्योदय ते दुसरा सूर्योदय. शिवाय त्या दिवशी अक्का पहाटेपासून रात्रीपर्यंत कोटे वेंकटरमणाच्या देवळात असे, वर्षातून एकदा उघडणाऱ्या वैकुंठदाराच्या रांगेत. पस्तीस वर्षांत खंड नाही.

“तू देवळात जा, अक्का,” अहल्या म्हणाली. “अण्णा येतील माझ्याबरोबर.”

“अण्णाला ताल कळतो का? तो झोपतो.” अक्का धाबळीची घडी घालत म्हणाली. “दार पुढच्या वर्षीही उघडेल.”

तेव्हा अहल्येनं ठरवलं, अक्का माझ्यासाठी दार सोडते आहे तर मी तिच्यासाठी पाणी सोडेन. हा वेडेपणा आहे हे तिला माहीत होतं. सोळा सोळा मात्रांची ओळ एका दमात ओढायची आणि घशाला कोरड. मिस लोबोंना कळलं तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला.

“आमच्यातही उपास असतात गो! पण पाणी पितो आम्ही!”

“तुमचे देव तेवढे कडक नाहीत,” अक्का सौम्यपणे म्हणाली.

रविवारी संध्याकाळी चर्चच्या शेजारचं सभागृह भरलं. टोपवाल्यांच्या काळचं तारांचं ते किणकिणतं वाद्य बंगळुरात कुठं मिळणार, म्हणून मिस लोबोंनी जुन्या पियानोच्या हातोड्यांना एकेक करून ड्रॉइंग पिना टोचल्या होत्या. तो पियानो आता तंतोतंत तसाच वाजत होता, म्हणजे काचेच्या बांगड्यांनी भरलेली टोपली जिन्यावरून खाली यावी तसा. पडद्यामागे अहल्या उभी होती. हिरवी रेशमी साडी, केसांत अबोली, जीभ टाळ्याला चिकटलेली. अक्का आत आली. तिच्या हातात तांब्याची चिमुकली लोटी होती.

“हात कर पुढं. एकादशीला तीर्थ एकदाच असतं. सकाळी तू घाईत होतीस, मी राखून ठेवलं.”

एक पळी. तुळशीचं एक पान. अहल्येनं ते घेतलं आणि तिला वाटलं, एवढं गार, एवढं गोड आपण कधी काही प्यालोच नाही. सबंध दिवसाची भूक डोक्यात जाऊन हलकी झाली. जमीन पायांखाली होती, पण अगदीच नावापुरती.

ती व्यासपीठावर गेली. तिसऱ्या रांगेत, कोट आणि फ्रॉक यांच्या मधोमध, धाबळीवर लाल आलवण बसलं होतं. कानात खरोखरच कापूस होता. अण्णा शेजारी होते, आणि अजून तरी जागे होते.

पहिला भाग झाला, स्वच्छ, सरळ, छापल्यासारखा. मेष्ट्रूंची छडी खूश होती. दुसऱ्या भागात वादळ आलं आणि गेलं. मग तो क्षण, पुन्हा डोक्यापासून.

तिनं पहिली ओळ लिहिल्याप्रमाणं घेतली. अगदी तीच. आणि तिला दिसलं, की अक्कानं मान खाली घातली.

त्या खाली गेलेल्या मानेनं सगळं केलं. दुसरी ओळ अहल्येनं सुरू केली ती सरळच, पण मधल्या स्वरावर तिचं रिकामं डोकं हळूच वर निघालं आणि मागोमाग गळा निघाला. मग तिला थांबता आलं असतं का, हे तिनं पुढं कित्येकदा स्वतःला विचारलं. खरं उत्तर असं, की थांबावंसं वाटलंच नाही. गच्चीवरची ती दुसरी गच्ची समोर होती. ती तिच्यावर चढली. तिच्यावर तिसरी होती. राणी आनंदानं वेडी होते असं गाण्यात लिहिलंच होतं. आता वेडी झाली ती गिरक्या घेत, स्वरांना चिमटे काढत, एका शब्दाची फुगडी करत.

व्हायोलिनं एकामागून एक गप्प झाली. मेष्ट्रूंची छडी हवेत तशीच राहिली, काय दाखवायचं ते न कळून. खाली मिस लोबोंच्या पिना तेवढ्या न चुकता किणकिणत होत्या. आठ वर्षांत त्यांना या पोरीच्या उड्या पाठ होत्या. आणि मग, त्या शांत, शिस्तीच्या सभागृहात, टाळी ऐकू आली.

एकच टाळी. मग तीन बोटं, करंगळी, अनामिका, मधलं, एकेक तळव्यावर. पुन्हा टाळी. अक्कानं कानातला कापूस काढून ओटीत टाकला होता आणि ती आदितालाच्या आठ मात्रा मोजत होती, देवघरात मोजाव्यात तशा सरळ, ऐकू येतील अशा.

मेष्ट्रू वळले. ज्यानं छडी धरल्यापासून श्रोत्यांकडं पाठच केली, त्यानं पहिल्यांदाच तोंड केलं. लाल आलवणातल्या त्या हाताकडं त्यांनी दोन आवर्तनं पाहिलं. त्यांचे वडील दरबारात वीणा वाजवत आणि लहानग्या बसवंताला मांडीवर थापटून हाच ताल देत. म्हैसूरच्या जुन्या माणसांना हे ठाऊक होतं, मेष्ट्रू स्वतः कधी बोलत नसत. तिसऱ्या आवर्तनाला त्यांनी पोरांकडं पाहून छडी उचलली. अहल्या वरून उतरत होती, घसरत, लोळत, हसत. टाळी, छडी आणि ती तिघं एकाच मात्रेवर उतरली, आणि चारही व्हायोलिनं आपण कधी गेलोच नव्हतो अशी तिथं हजर होती.

लोकांनी टाळ्या वाजवल्या तेव्हा अण्णा दचकून जागे झाले.

पडद्यामागे मेष्ट्रू आले. “वचन मोडलंस.”

“हो, मेष्ट्रे.” अहल्येला हसू आवरत नव्हतं.

“सोळा ठिकाणी. मी मोजलं.” ते रुमाल काढून कपाळ पुसू लागले. “पुढच्या वर्षी काय गाशील ते आधी लिहून दे.”

“मला आधी माहीतच नसतं.”

“अरे देवा! मग मी काय करायचं? पोरांना कधी सोडायचं, कधी आणायचं?”

पडद्यापलीकडून अक्काचा आवाज आला. “माझ्याकडं बघायचं.”

आणि तसंच झालं. पुढच्या वर्षीपासून अक्काची जागा पहिल्या रांगेत मधोमध, धाबळीसकट. पहिला आणि दुसरा भाग मेष्ट्रू छापील कागदावर चालवत. तिसरा आला की ते अर्धे वळून उभे राहत, एक डोळा पोरांवर आणि एक अक्काच्या तळव्यावर. नवीन माणसाला वाटे, म्हाताऱ्याची मान अवघडली आहे. छापील कार्यक्रमपत्रिकेत ‘सोप्रानो: कुमारी अहल्या’च्या खाली एक ओळ येऊ लागली, ‘ताल: श्रीमती कृष्णाबाई’. ती पत्रिका अक्कानं देवघरात लावली, आणि घरी आल्यावर रात्री थंड पाण्यानं डोक्यावरून आंघोळ करायचं काही सोडलं नाही.

१९६०मध्ये उमाकांत तिला पाहायला आला. पुण्याचा, विमानाच्या कारखान्यात इंजिनिअर, इथं येऊन दोन वर्षं झालेली. पोहे खाता खाता त्यानं रीतसर विचारलं, “गाता येतं का?” अहल्येनं गवळणीचं इटालियन गाणं म्हटलं. त्याच्या आईचा घास हातातच राहिला.

“वंडरफुल!” उमाकांत म्हणाला. “तेच पुन्हा म्हणाल का?”

“पुन्हा म्हणेन. तेच नाही म्हणता येणार.”

तो खो खो हसला. लग्नात अक्काची एकच अट होती, डिसेंबरचा महिना माझा.

जयनगरात दोघांचं नवं घर झालं आणि अण्णा-अक्काही तिथंच राहायला आले. दर डिसेंबरला एक गाणं, कधी ईस्टरला एक, दोनदा मद्रासला, एकदा मुंबईला, अक्का आणि धाबळी प्रत्येक वेळी बरोबर. मुंबईच्या एका वर्तमानपत्रानं चार ओळी छापल्या, त्यातल्या दोन धाबळीवर. एवढीच तिची कारकीर्द, पण तिच्या शाळेतल्या मुलींना विचारलं तर त्या सांगतील, की बाई वह्या तपासतानासुद्धा कधीकधी एकदम हसत.

१९६४ साली एका दुपारी मेष्ट्रू सायकलरिक्षातून जयनगरला आले, घामाघूम, हातात लंडनचं मासिक. कोणा विद्वानानं जुनी हस्तलिखितं धुंडाळून सिद्ध केलं होतं, की टोपवाल्यांच्या काळी तिसरा भाग सजवूनच गात. तसाच्या तसा गाणं हा गाणाऱ्याचा कमीपणा समजत.

अक्कानं शांतपणे ऐकून घेतलं. “हे कधी छापलं?”

“मागच्या महिन्यात.”

“हं,” ती म्हणाली. “त्यांच्याकडं टपाल उशिरा पोचतं.”

१९६७च्या डिसेंबरात अक्का विहिरीपाशी घसरली आणि पाय प्लास्टरात गेला. बासष्टाव्या वर्षी पहिल्यांदाच तिला कोणी ‘पडून राहा’ म्हणू शकलं. कार्यक्रमाच्या दिवशी तिनं उमाकांतच्या हाती घडी दिली. “धाबळी तरी जागेवर असू दे.”

त्या वर्षी राणीचंच गाणं होतं, नऊ वर्षांपूर्वीचं. पडद्यामागे अहल्येनं मेष्ट्रूंकडं पाहिलं. एकाहत्तर वर्षांचे, छडीचा हात जरा कापतो. रिकाम्या धाबळीकडं बघून त्यांनी काय चालवायचं?

“मेष्ट्रे, आज लिहिल्याप्रमाणंच गाते. काळजी करू नका.”

“सरी,” ते म्हणाले, एवढंच.

पहिला भाग झाला. वादळ आलं, गेलं. पुन्हा डोक्यापासून. पहिल्या रांगेत मधोमध एक करडी चौकोनी रिकामी जागा होती आणि तिच्याकडं न बघता अहल्येनं पहिली ओळ घेतली, तीच, सरळ. मग दुसरी, तीच.

मेष्ट्रूंनी छडी स्टँडवर ठेवली.

तिला वाटलं, म्हातारा थकला. तिनं गाता गाता पाहिलं. ते तिच्याकडं डोळे वटारून बघत होते, आणि पहिल्या दोन रांगांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाले,

“उष्टं वाढतेस?”

आणि त्यांनी टाळी दिली. मग करंगळी, अनामिका, मधलं.

अहल्या उडाली. खाली पिना किणकिणल्या, मिस लोबो मान मागे टाकून हसत होत्या, व्हायोलिनवाली पोरं एका म्हाताऱ्याच्या बोटांकडं डोळे लावून बसली होती, आणि वरच्या वरच्या गच्च्यांवर तोच जुना वारा सुटला होता.

घरी परतताच अक्कानं पलंगावरून विचारलं, “ताल कोणी धरला?”

“मेष्ट्रूंनी.”

अक्का उठूनच बसू लागली. “बोटांनी? काय सांगतेस! चुकला?”

“एकदा. मधल्या बोटाऐवजी अंगठा घेतला.”

“अंगठा!” अक्का समाधानानं उशीला टेकली. “बोलाव त्याला रविवारी. बसवून शिकवते.”